शनिवारी घाणा बंद

आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांची वर्गणी गोळा करायची पद्धत साधी होती. शनिवारी शाळा अर्धा दिवस. जेवण झालं की तिघाचौघांनी वही घ्यायची आणि वरच्या मजल्यापासून दारं वाजवत खाली यायचं. एक बॅट, दोन चेंडू आणि स्टंप, त्यासाठी घरटी पाच रुपये. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं, आमचं सगळं भाषण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या ये हां. आज मी पैशाला हात लावत नाही." पैसे न देण्याची कारणं आम्ही पुष्कळ ऐकली होती, ‘साहेब घरी नाहीत’पासून ‘गेल्या वर्षीच्या बॅटचं काय केलंत’पर्यंत. हे मात्र नवीन होतं. मी जिन्यातच वहीत त्यांच्या नावापुढे फुली मारली.

रविवारी सकाळी आजी गुडघ्यावर हात टेकत तीन जिने उतरून खाली आल्या, ‘ती वहीवाली कुठाय’ म्हणत मला शोधून काढलं आणि दहाची नोट हातावर ठेवली. "पाच माझे. पाच तुला फुकट जिना चढायला लावला त्याचे." फुली खोडून मी बरोबरची खूण केली. ती वही आज असती तर ती खाडाखोड मी कापून जपून ठेवली असती.

आजी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. ठाण्यात हे काही नवलाचं नाही. इथलं शार हशामायिम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, १८७९ सालचं, आणि आमच्या शाळेत दर वर्गात गावाच्या नावापुढे ‘कर’ लावलेलं एखादं डॅनियल किंवा रिबेका असायचंच. आजींचं मूळ घर रोह्याकडचं. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, बोलण्यात अलिबागकडचा हेल. वेगळेपण दिसायचं ते दाराच्या उजव्या चौकटीवर तिरक्या ठोकलेल्या बोटभर लांबीच्या डबीत. ती मेझुझा, आत धर्मग्रंथातल्या ओळींची गुंडाळी. येताजाता आजी तिला दोन बोटं लावून ओठांना टेकवायच्या. आणि वेगळेपण असायचं शनिवारी. त्या दिवशी त्यांच्या घरातून फोडणीचा वास यायचा नाही. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळं रांधून व्हायचं, काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल अशी वात पेटायची आणि पॅसेजमधला चाळीसचा बल्ब शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत कुणी बंद करायचं नाही. बाबा त्याला ‘वीज मंडळाची शुक्रवारची कमाई’ म्हणायचे.

कोकणात या लोकांना शनवार तेली म्हणत, हे मला फार उशिरा कळलं. त्यांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या. हे नेमकं कधी, यावर विद्वानांचं एकमत नाही आणि होईलसं वाटत नाही. पण पुढचं चित्र पक्कं आहे. नवगाव, रेवदंडा, चौल, पेण, रोहे या पट्ट्यात पसरलेली, मराठी बोलणारी, घाणे चालवणारी माणसं. धर्मग्रंथ हाताशी नाहीत, शिकवणारा कुणी नाही, हिब्रू जवळजवळ विसरलेली. उरलं होतं एवढंच: आठव्या दिवशी मुलाची सुंता, ‘शेमा’ ही एक प्रार्थना, खवले आणि पर नसलेली मासळी न खाणं, आणि शनिवार. डेव्हिड राहाबी नावाचा कुणी बाहेरचा यहुदी आला आणि या बायकांपुढे मिश्र मासळी ठेवून त्याने परीक्षा घेतली, अशी गोष्ट समाजात सांगतात. बायकांनी खवल्याची मासळी एकीकडे, बिनखवल्याची दुसरीकडे केली आणि त्याची खात्री पटली. धर्माची परीक्षा मासळीच्या पाटीवर झाली आणि बायका पास झाल्या, हे मला फार आवडतं.

सणांची नावंही अशीच घरगुती होऊन बसली होती. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक ज्या दिवशी करायचा, त्या दिवसाला कोकणात नाव मिळालं ते वालाच्या बिरड्याचं.

पण माझं मन अडकतं ते घाण्यापाशी.

घाणा मी लहानपणी एकदाच चालताना पाहिलाय. खोडात कोरलेलं उखळ, त्यात तिरकी उभी लाट, लाटेला बांधलेली आडवी फळी, फळीवर वजनाला धोंडा आणि कधी कधी तेली स्वतःच. बैलाच्या डोळ्यांवर झापडं. लाट करकरते, तीळ चिरडतात, रिंगणातली माती बैलाच्या खुरांनी पिठासारखी मऊ झालेली. बैल दिवसभर चालतो आणि कुठेही पोचत नाही. मराठीत ‘घाण्याचा बैल’ म्हटलं की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

तर हा बैल शनिवारी सुटा असायचा. कोकणाला हे फारसं विचित्रही वाटलं नसावं, कारण सोमवारी घाणा न चालवणारे हिंदू तेलीही होते, त्यांना सोमवार तेली म्हणत. ज्याचा त्याचा वार. फरक एवढाच की आजींच्या पूर्वजांनी जो वार धरला होता, त्यामागचं वाक्य ते विसरून गेले होते. ते वाक्य ‘तोरा’ या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात आहे, दहा आज्ञांमध्ये. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी नको: तू नको, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी नको, तुझा बैल नको, तुझं गाढव नको, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परकाही नको. आणि का? तर तुझ्या दासदासींना तुझ्यासारखाच विसावा मिळावा म्हणून. तू मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होतास, हे आठव.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ‘बैल’ या शब्दावर थांबले. देवाच्या दहा आज्ञांमध्ये बैलाची रजा लिहिलेली आहे. आपण पोळ्याला बैलाला न्हाऊ घालतो, शिंगं रंगवतो, पुरणपोळी चारतो, वर्षातून एकदा. (कोकणात तेही फारसं नाही, पोळा मुख्यतः घाटावरचा.) इथे पुरणपोळी नाही, झूल नाही, बाशिंग नाही, पण वर्षाला बावन्न सुट्ट्या. बैलाला विचारलं असतं तर त्याने काय निवडलं असतं कोण जाणे. आणि ज्या लोकांच्या हातून ग्रंथ गेला, भाषा गेली, त्यांच्याकडे हे वाक्य शिल्लक राहिलं ते सुट्या बैलाच्या रूपात. पाठांतर हरवलं, पण झापडं मात्र शनिवारी खुंटीवर टांगलेलीच राहिली.

आपल्याकडच्या कामगारांच्या रविवारची गोष्ट याच्या अगदी उलट दिशेने आली. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी मिळाली १० जून १८९० रोजी, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीमालकांशी अनेक वर्षं भांडून मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून आमच्या माणसांना तो मोकळा हवा, असंही ते मांडत. म्हणजे सुट्टीसाठी वरून कुणाची तरी सही लागतेच. नुसतं ‘दमलो’ म्हणून कुणी सोडत नाही. लोखंड्यांनी खंडोबाला साक्षीला आणलं, ज्यूंनी तर थेट विश्व घडवणाऱ्यालाच सातव्या दिवशी विश्रांती घ्यायला लावली.

‘काम’ म्हणजे काय, यावर त्यांच्या शास्त्र्यांनी जो कीस पाडलाय तो बघून आपल्या धर्मसिंधुवाल्यांनाही घाम फुटेल. मिश्नामध्ये, म्हणजे साधारण १८०० वर्षांपूर्वी सिद्ध झालेल्या संहितेत, ३९ कामांची यादी आहे. पेरणं, नांगरणं, कापणी, दळणं, मळणं, गाठ मारणं, गाठ सोडवणं, पेटवणं, विझवणं. लिहिणं म्हणजे किती? दोन अक्षरं. पुसणं म्हणजे किती? दोन अक्षरं लिहिता येतील एवढी जागा करण्यापुरतं. मी जीएसटीची कामं करते. माझा दिवस म्हणजे आकडा टाकणं आणि आकडा खोडणं, दुसरं काही नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या तंबूवरून काढलेल्या त्या यादीत माझी अख्खी नोकरी दोन कलमांत बसते, हे पाहून जरा लाज वाटली आणि जरा बरंही वाटलं.

यादी आली की पळवाटा आल्या. इस्राएलमध्ये शब्बाथच्या, म्हणजे या शनिवारच्या विसाव्याच्या, लिफ्ट असतात, बटण दाबायला लागू नये म्हणून दर मजल्यावर आपोआप थांबणाऱ्या. दिव्यांना टायमर असतात. हे कळलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. मग चतुर्थीला साबुदाण्याचे वडे तळताना आठवलं आणि हसू ओसरलं. उपासाला बटाट्याची भाजी, शिंगाड्याचा शिरा, वर खजुराची चटणी घेणाऱ्या समाजाने दुसऱ्याच्या लिफ्टला हसू नये.

आणि नियम कुठे थांबतो, हेही त्या यादीइतकंच नीट सांगितलेलं आहे. ते मला पुस्तकाआधी आजींकडून कळलं. मी नववीत असताना एका शनिवारी दुपारी बाबा जेवता जेवता घामाघूम झाले, छातीवर हात गेला. आई गोंधळली, मी जिन्यात ओरडत सुटले. आजी खाली आल्या, बाबांकडे एकदा बघितलं, परत वर गेल्या आणि मुठीत नोटा घेऊन आल्या. आईला रिक्षात बसवलं, स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर बसल्या, हॉस्पिटलच्या काउंटरवर पैसे भरले, फॉर्मवर सही केली. बाबा वाचले. चार दिवसांनी आईच्या लक्षात आलं. "आजी, तो शनिवार होता हो." आजी वैतागल्या. "मग? नियम जगायला दिलेत, मरायला नाहीत."

मला वाटलं, हे आजींचं स्वतःचं शहाणपण. पुढे वाचताना हेच वाक्य तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या शास्त्र्यांच्या चर्चेच्या ग्रंथात, जवळजवळ शब्दशः सापडलं. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचा. जीव जाईलच अशी खात्री नको, नुसती शंका पुरे. उलट अशा वेळी ‘चालेल का’ असं विचारत जो वेळ घालवतो, त्याने जणू रक्त सांडलं, इतकं कडक बोललेत ते. आजींनी विचारलं नव्हतं. बटवा उघडला होता. त्या हिब्रू अडखळत वाचायच्या आणि तालमूद त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. पण कुठल्या क्षणी शनिवार संपतो हे त्यांना ठाऊक होतं.

हल्ली ‘ज्यू’ म्हटलं की लोक थेट युद्धाच्या बातमीवर जातात आणि मग संभाषण पाच मिनिटांत कुठल्या तरी आखाड्यात जाऊन पडतं. माझ्या डोक्यात मात्र तो शब्द आला की आधी ती मूठ येते, नोटा धरलेली.

अलीकडे या वाचनातलंच एक कलम मला फार लागलं. मिश्नाच्या ‘बाबा मेत्सिया’ या भागात आहे. जशी मालात फसवणूक असते तशी शब्दांतही असते, आणि त्याचं पहिलंच उदाहरण असं: विकत घ्यायचं नसेल तर ‘हे केवढ्याला’ असं विचारू नये. बस, एवढंच. दुकानदाराच्या मनात उगाच आशा जागवू नये. 

गेल्या दिवाळीआधी मी आमच्या स्टेशनजवळच्या एका चपलांच्या दुकानात गेले होते. तिथल्या पोराने माझ्यासाठी सात खोकी काढली. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचीही. माझ्या पायाशी उकिडवा बसून त्याने बंद आवळून दिला, ‘ताई, चालून बघा’ म्हणाला. मी चालून बघितलं, मापाची खात्री केली, आतल्या बाजूचा मॉडेल नंबर लक्षात ठेवला, ‘येते परत’ म्हटलं आणि रिक्षात बसल्या बसल्या फोनवरून तोच जोड तीनशे रुपये स्वस्त मागवला. तेव्हा स्वतःला हुशार समजले होते. वळून बघितलं असतं तर तो खोक्यांत कागद नीट घालत बसलेला दिसला असता.

असं का करू नये, याचं जे कारण दिलंय तेही हलणारं नाही. म्हणे, ही गोष्ट हृदयाच्या हवाली केलेली आहे. तुला खरंच घ्यायचं होतं की नव्हतं, हे बाहेरून कुणालाही सिद्ध करता येत नाही, म्हणून तिथे ‘देवाची भीती बाळग’ असं मुद्दाम म्हटलंय. दुकानात कॅमेरा होता. माझे सातही जोड त्याने टिपले असणार. ‘येते परत’ म्हणताना मला काय माहीत होतं, ते मात्र त्याच्यात आलेलं नाही.

आजींनाही वर्गणीच्या वेळी ‘बघू नंतर’ म्हणता आलं असतं. त्या ‘उद्या’ म्हणाल्या आणि उद्या आल्या.

आजींचे दोन्ही मुलगे तोवर इस्राएलला गेले होते. बाबांच्या त्या आजारपणानंतर सहा-सात वर्षांनी आजीही गेल्या, अश्दोदला धाकट्याकडे. जाण्याआधी त्यांचा शेवटचा मोठा सण होता योम किप्पुर, त्याला त्या जुन्या नावाने दारफाळणीचा सण म्हणायच्या. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, दिवसभर निर्जळी. त्याच्या दोन दिवस आधी त्या प्रत्येक मजल्यावर जाऊन आल्या. आमच्याकडे आईला म्हणाल्या, "तुझ्या मुलीला मी एकदा गच्चीवर सगळ्यांदेखत बोलले होते, पापड तुडवले म्हणून. पापड मांजरीने तुडवले होते. मला नंतर कळलं, सांगायचं राहिलं." मला तो प्रसंग आठवतच नव्हता. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू सोडलंस असं म्हण, मगच मी जाते." देवाचा अपराध देव त्या दिवशी माफ करतो, माणसाचा मात्र त्या माणसाकडे जाऊन मिटवल्याशिवाय तोही माफ करत नाही, असा त्यांच्यात दंडक आहे. मी लाजून ‘सोडलं’ म्हटलं. जाताना त्यांनी वाटीभर चिकाचा हलवा ठेवला, गव्हाचा चीक नारळाच्या दुधात आटवलेला, गुलाबी, वर बदामाचे काप. त्यांच्या दाराच्या चौकटीवर दोन खिळ्यांची भोकं आणि मध्ये तिरका फिकट पट्टा बरीच वर्षं राहिला. मग नव्या लोकांनी रंग काढला.

या सगळ्याचा परिणाम म्हणून गेल्या वर्षी मी शनिवारी फोन कपाटात ठेवायला लागले. धर्म वगैरे नाही, मार्चअखेरने डोळे गेले होते म्हणून. पहिला शनिवार खाज सुटल्यासारखा गेला. दुसऱ्या शनिवारी जुन्या ट्रंका आवरल्या. तिसऱ्या शनिवारी सकाळी आठला बेल वाजली. पाठीवर भलं मोठं दप्तर, हेल्मेटखाली घाम, आणि हातात माझी पिशवी. शुक्रवारी रात्री मीच ‘सकाळी सात ते नऊ’ असं निवडून पीठ-साबण मागवलं होतं. फोनला हात न लावता सामान दारात. टायमरवाल्या लिफ्टपेक्षा हे काही वेगळं नव्हतं. त्या पोराने ओटीपी विचारला. तो फोनमध्ये, फोन कपाटात. मी निमूटपणे कपाट उघडलं.

आत आमच्या कामाच्या मावशी भांडी घासत होत्या. मी खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेली बघून म्हणाल्या, "ताई, बरं नाही का?" मी म्हटलं, शनिवारी मी सुट्टी घेते. "कसली?" मला नीट सांगता येईना. तुझी दासी तुझ्यासारखीच, असं ते वाक्य आहे, आणि इथे माझा विसावा बरोबर त्यांच्या बोटांच्या टोकावर तोललेला.

म्हणून पुढच्या आठवड्यात मी त्यांना सांगितलं, शनिवारी येऊ नका. पगार तोच. त्या हसल्या नाहीत, खूश झाल्या नाहीत. हातातली घासणी खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे हळूहळू काढणार का मला?" समजूत घालायला अर्धा तास गेला. मग त्यांनी दुसरा प्रश्न काढला, तो जास्त बिनतोड होता. "शनिवारची भांडी रविवारी मीच घासणार ना? मग सुट्टी कसली, डबल काम." शेवटी ठरलं की शनिवारची भांडी माझी. ३९ कामांच्या यादीच्या दृष्टीने हे सगळं उफराटंच असणार, पण मी काही त्या यादीला बांधलेली नाही.

दोनेक महिने बरे गेले. मग एका शनिवारी सिंकपाशी उभी असताना खिडकीतून समोरच्या विंगेकडे नजर गेली. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत मावशी कुणाचे तरी कपडे झटकून वाळत घालत होत्या. त्यांनाही मी दिसले. हातातला उशीचा अभ्रा तसाच धरून त्या जरा थांबल्या. मी फेसाने भरलेला हात वर केला, त्यांनी अभ्रा हलवला.

सोमवारी त्यांनी आपणहून विषय काढला. "घरी बसले की सून कामाला लावते ताई. तिथे निदान पैसे मिळतात."